एक शॉकअप की दोन?

पत्राचा सारांश: नागपूरच्या एका वाचक ताई, वय ४२, नोकरी करतात. सहा वर्षांपासून रोड बाइक चालवतात, २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) वेळेत पूर्ण केल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात वर्धा रोडवर पहाटे एका ट्रकने इतक्या जवळून कट मारला की त्या रस्त्याखाली उतरून पडल्या. फार लागलं नाही, पण तेव्हापासून मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की हात आखडतात. आता हायवे सोडून कच्च्या रस्त्यांवर, पांदणींत, टेकड्यांवर सायकल चालवायची आहे. बजेट दीड लाख, स्वतःच्या बचतीतलं. मिस्टर म्हणतात, घ्यायचीच तर एकदाच चांगली घे, दोन्हीकडे शॉकअपवाली. ग्रुपमधले म्हणतात, नागपूर सपाट आहे, इथे फुल सस्पेन्शनची (दोन्हीकडे शॉकअप) गरजच नाही, हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली) घे. लांब राइडनंतर कंबर दुखते म्हणून ताईंचा ओढा फुल सस्पेन्शनकडे आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. ‘चुकीची सायकल घेतली तर सायकलिंगच सुटेल की काय, अशी भीती वाटते. आणि या वयात स्वतःच्या हौसेवर एवढा खर्च करावा का, हेही समजत नाही,’ असं त्या लिहितात.

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. हार्डटेल घ्या. पण ग्रुपने दिलेल्या कारणासाठी घेऊ नका, आणि कंबरेचा विषय मार्गी लागेपर्यंत कुठलीच घेऊ नका.

सुरुवात त्या ट्रकपासून करू या, कारण तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की सायकलीचा प्रश्न त्याच्या मागोमाग आलाय. तुम्ही पडलात, उठलात, घरी आलात आणि ‘फार लागलं नाही’ म्हणून विषय संपला. अंगाने तो संपवला, मनाने संपवलेला नाही. असं झालं की आपण काहीतरी दणकट, भरभक्कम शोधायला लागतो. जाड टायर, मागेपुढे शॉकअप, मोठी सायकल म्हणजे आपण सुरक्षित, असं आतून वाटतं. ते मी समजू शकते. पण सस्पेन्शन दगड आणि खड्डे झेलण्यासाठी असतं. पांदणीत तुम्हाला मोकळं वाटेल ते तिथे ट्रक नसतात म्हणून, आणि ते सुख हार्डटेलवर तेवढंच मिळतं. भीतीपोटी लाखभर रुपये जास्तीचे घालण्यात अर्थ नाही.

रोड बाइक मात्र इतक्यात विकू नका. रविवारी सकाळी फुटाळ्याच्या बाजूने, सेमिनरी हिल्सवर, सोबत एखादी मैत्रीण घेऊन तासभर चालवत राहा. हायवेवर परत जायचं की नाही हे वर्षभराने ठरवलं तरी चालेल. पण तेव्हाही ट्रकचा आवाज ऐकून हात आखडत असतील किंवा झोपेत तो प्रसंग येत असेल, तर समुपदेशकाशी बोला. अपघातानंतर असं होणं अगदी नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता कंबर. तुम्ही गृहीत धरलंय की धक्क्यांनी कंबर दुखते, म्हणजे मागे शॉकअप आला की दुखणं जाईल. एक गोष्ट तपासून बघा. नागपुरात आता सिमेंटचे गुळगुळीत रस्ते भरपूर आहेत. अशा रस्त्यावर दोन-तीन तास चालवल्यावरही कंबर दुखते का? दुखत असेल तर त्यात धक्क्यांचा वाटा कमी आणि बसण्याचा जास्त. हँडल फार लांब, सीट जास्त वर किंवा मागे, पोटाचे आणि पाठीचे स्नायू कच्चे, यांपैकी काहीतरी असणार. त्याचा इलाज बाइक फिटिंग आणि व्यायाम. त्याउलट गुळगुळीत रस्त्यावर काहीच होत नसेल आणि खडबडीत रस्त्याला लागल्याबरोबर कळ येत असेल, तर धक्क्यांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्यावरचे उपाय पुढे लिहिते. आणि कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर दुकानाच्या आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मणक्याच्या गादीचा त्रास निघाला, तर कच्च्या रस्त्यावर जायचं की नाही, कधी जायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. ते हो म्हणाले तर कमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे शॉकअप कमी अंतर दबणाऱ्या) फुल सस्पेन्शनवर पैसे घालणं योग्य ठरेल, मग माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा.

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नाही, असं धरून पुढे लिहिते.

ग्रुपवाले म्हणतात नागपूर सपाट आहे. सपाट आहे, पण म्हणून सोपं नाही. आपलं शहर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व काठावर बसलंय. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोलकडे गेलात की काळी कापसाची माती, मुरूम आणि मधूनच वर आलेला काळा दगड. पूर्वेला भंडाऱ्याच्या दिशेने माती हलकी होत जाते, धानाची शेतं आणि तलाव लागतात. तुमची बहुतेक राइड पश्चिमेला होईल, कारण संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या पांदणी तिकडे आहेत.

या पांदणींची तीन रूपं आहेत. उन्हाळ्यात चाकाखाली भुकटी. दिवाळीनंतर, ट्रॅक्टर आणि बैलबंडीने ओल्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कडक झालेल्या. आणि पावसाळ्यात चिखल. त्या चिखलाची कल्पना रोड बाइकवाल्याला नसते. आधी टायरवर पातळ थर चढतो, त्यावर दुसरा, मग टायरच्या खाचा दिसेनाशा होतात. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी भागाच्या) कमानीखाली आणि मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या फटीत माती ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काडीने उकरून काढावी तर दहा पावलांवर पुन्हा तेच. फुल सस्पेन्शनमध्ये ही माती जाऊन बसायला जास्तीचे कोपरे असतात: रिअर शॉकच्या मागे, लिंकेजमध्ये (शॉकला जोडणाऱ्या दांड्यांत), पिव्हटच्या (सांध्यांच्या) बेअरिंगजवळ. पाऊस होऊन दोन-तीन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय काळ्या मातीत जाऊच नये, कुठलीही सायकल असो. शेतकऱ्याची वाट ओली असताना तिच्यात नवीन चाकोऱ्या पाडणं बरंही नाही.

आता मागच्या शॉकअपचं खरं काम बघा. लोक त्याला आरामाची वस्तू समजतात. तो मागचं चाक जमिनीला चिकटवून ठेवतो. दगडांच्या उतारावर चाक उडालं की ब्रेक लागत नाही आणि सायकल घसरते. दगडांच्या चढावर चाक उडालं की पेडलची ताकद वाया जाते. लांब, दगडाळ उतारांवर हा फरक फार मोठा आहे. तसा उतार नागपूरच्या आसपास कुठे आहे? नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, आणि आजूबाजूच्या टेकड्या लहान. अर्धा-एक मिनिटात उतार संपतो. खऱ्या उंचीसाठी चिखलदरा किंवा पचमढी गाठावी लागते, म्हणजे गाडीला सायकल बांधून अर्ध्या दिवसाचा प्रवास. महिन्यातून दोनदा तुम्ही तिकडे जाणार असाल तर माझं उत्तर बदलेल. वर्षातून एकदा जाणार असाल तर बदलणार नाही.

वाळलेल्या चाकोऱ्यांवर मागून धक्के बसतील, हे खरंय. त्याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त. पहिला टायर. रोड बाइकवर तुम्ही ८० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा ठेवत असाल. तुमच्या वजनाला २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये २० ते २२ पीएसआय पुरते. रोज चालवणारे लोकही सवयीने टायर दगडासारखा टणक करतात आणि मग सायकलीला दोष देतात. ट्यूबलेस घ्याच, कारण आपल्याकडे शेताच्या कुंपणाला बाभळीचे आणि बोरीचे फाटे टाकतात, त्यांचे काटे वाटेत पडलेले असतात. ट्यूब असेल तर दर राइडला पंक्चर. फक्त आपल्या उन्हाळ्यात टायरमधलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी तपासून थोडं भरायचं. दुसरा उपाय म्हणजे सीटवरून उठणं. त्याबद्दल पुढे लिहिते.

‘एकदाच चांगली घे’ हे तुमचे मिस्टर प्रेमाने म्हणताहेत, पण हिशेब करून बघा. दीड लाखात हार्डटेल उत्तम मिळते, फुल सस्पेन्शन जेमतेम. बरी फुल सस्पेन्शन आज दोन लाखांच्या पुढेच सुरू होते. बजेटमध्ये बसवायची म्हणून कंपनी फोर्क, ब्रेक, चाकं यांत हात आखडता घेते. शिवाय सस्पेन्शन हे तासांवर चालणारं यंत्र आहे. रॉकशॉक्ससारखी कंपनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते, आणि रिअर शॉकच्या एअर कॅनची, म्हणजे हवेच्या डब्याचीही, तेवढ्याच तासांनी. आठवड्याला सहा तास चालवलंत तर दोन महिन्यांत ५० तास होतात. फुल सस्पेन्शन म्हणजे हे काम दुप्पट, वर पिव्हटची बेअरिंग. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: रिअर शॉक तुम्ही इथे, नागपुरात, स्वतः उघडता का? उत्तर ‘बाहेर पाठवतो’ असं आलं, तर ऐन हिवाळ्यात, चालवायच्या दिवसांत सायकल भिंतीला टेकलेली राहील.

आणि १५-२० हजारात मिळणाऱ्या ‘डबल शॉकअप’ सायकलीकडे बघूही नका. पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी हे मुद्दाम लिहितेय. त्या जड असतात, मागची स्प्रिंग दर पेडलला खालीवर होते, आणि तुमची बरीच ताकद तिला दाबण्यात जाते. या किमतीत एकही शॉकअप नसलेली सायकल त्याहून चांगली धावते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी सांगितलेली दिसत नाही. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि ती ७०-७५ किलोच्या माणसाला धरून बसवलेली असते. ५४ किलोच्या बाईच्या हाताखाली ती जागची हलत नाही. शॉकअपचं वजन तुम्ही वाहायचं आणि उपयोग शून्य. तुम्हाला एअर फोर्कच हवा, ज्यात आपल्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. दुकानात हे डोळ्यांनी बघता येतं. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. ती खाली सरकवा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पेडलवर उभ्या राहा, अलगद उतरा. रिंग किती वर गेली ते मोजा. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कमध्ये ती २४ मिलिमीटरच्या आसपास गेली पाहिजे. पाच-सातच गेली तर हवा कमी करायला सांगा. दुकानदाराला हे करून दाखवायचा कंटाळा असेल, तर दुसरं दुकान बघा.

तुम्हाला कुणीतरी हेही ऐकवेल की रेसवाले सगळे फुल सस्पेन्शनवर आलेत. खरं आहे. पोलिन फेराँ-प्रेव्हो हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेतलं आणि २०२५ मध्ये महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. टॉम पिडकॉकने टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं, आणि २०२२ च्या टूरमध्ये आल्प द्युएझचा टप्पाही. या दोघांकडून घेण्यासारखी गोष्ट ही की रस्त्यावर कमावलेले पाय आणि दम मातीत कामी येतात. तुमच्या ३०० किलोमीटरच्या बीआरएमचा दम कुठे जाणार नाही. पण त्यांच्या रेसच्या ट्रॅकवर मुद्दाम रचलेले दगडांचे पट्टे आणि उड्या असतात. आपल्या पांदणीत त्या नाहीत.

ग्रॅव्हल बाइकचा (रोड बाइकसारखीच, पण जाड टायरची) विचार तुमच्या पत्रात नाही. निम्म्याहून जास्त डांबरी रस्ता आणि थोडा मुरूम, असं असेल तर ती छान. पण वाकड्या हँडलवर, कडक चाकोरीत, आधीच बिचकलेल्या हातांनी शिकणं अवघड जाईल. तुम्हाला सरळ, रुंद हँडल हवं.

आता शिकण्याविषयी, कारण सायकल सुटण्याची तुमची भीती मला इथे खरी वाटते. रोड बाइकवाल्यांची माउंटन बाइक सुटते ती बहुतेक वेळा सवयींमुळे. आपण सीटला चिकटून बसतो, पुढच्या चाकापुढे दोन हातांवर बघतो, दगड आला की दोन्ही ब्रेक करकचून दाबतो आणि शूज पेडलमध्ये अडकलेले असतात. मातीत हे चारही उलटं करायचं. खडबडीत जागा आली की दोन्ही पेडल एका पातळीत आणायचे, सीटवरून चार बोटं उठायचं, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर आणि सैल, टोंगळे मोकळे. नजर जिथे जायचंय तिथे, दगडावर नाही. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते. ब्रेकवर एकच बोट, आणि दगड यायच्या आधी वेग कमी करायचा, दगडावर असताना नाही. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर बदलायचा. पहिले दोन-तीन महिने साधे सपाट पेडल आणि साधे बूट. पाय चटकन जमिनीला टेकतो हे कळलं की निम्मी भीती तिथेच जाते.

सुरुवात थेट पांदणीत करू नका. जवळच्या एखाद्या मोकळ्या मैदानात जा. सीट दोन-तीन इंच खाली करा आणि फुटपाथच्या कमी उंचीच्या कडेवरून उभ्या-उभ्या उतरून बघा. हार्डटेलवर चूक केली की मागून लगेच कळतं, त्यामुळे पाय लवकर शहाणे होतात. फुल सस्पेन्शन ती चूक पोटात घालते आणि सवय तशीच राहते. उद्या फुल सस्पेन्शन घ्यावीशी वाटलीच, तर हार्डटेलवर शिकलेलं सगळं तिच्यावर चालेल.

वेग कमी दिसेल, त्याने खट्टू होऊ नका. तेवढ्याच दमात ताशी पाच-सात किलोमीटर कमीच. मातीतल्या राइडला किलोमीटरने मोजणं सोडून द्या, तासाने मोजा.

हायवेवर आपण पहाटे पाचला निघतो. इकडे ती सवय मोडा. नीट उजाडल्यावरच निघा. गोरेवाड्याच्या बाजूला बिबट्या आहे, उमरेड आणि पेंचकडे वाघ, आणि रानडुक्कर सगळीकडे. वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, वाट कितीही छान दिसली तरी. शेतातून आडवं जायचं नाही आणि कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही. डुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असू शकतो. एकटीने जाऊ नका. सोबत कुणी तरी हवं आणि कुठल्या गावावरून जाणार हे घरी सांगून निघायचं. पांदणीत समोरून बैलबंडी आली तर उतरून बाजूला उभ्या राहा, ‘राम राम’ घाला. पुढची वाट कुठे फुटते ते त्यांच्याकडूनच कळेल.

खर्चाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, जणू विचारायला संकोच वाटला. ताई, पैसे तुमचे आहेत, तुम्ही साठवलेले आहेत. सहा वर्षं तुम्ही सायकल चालवताय, म्हणजे हा चार दिवसांचा नाद नाही. ४२ हे वय यात आडवं येण्याचं काही कारण मला दिसत नाही. तुमच्या मिस्टरांना दीड लाखाची वस्तू मान्य आहे, म्हणजे घरातूनही विरोध नाही. परवानगी तुम्ही स्वतःकडेच मागताय, ती देऊन टाका.

दीड लाख पूर्ण सायकलीत घालू नका. लाखाच्या आतबाहेर हार्डटेल बघा. १०० ते १२० मिलिमीटरचा एअर फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच), ट्यूबलेस बसेल अशी रिम, आणि दोन्ही चाकांना थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा). मागे जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील (हबवर फिरवून बसवलेला गिअरचा संच) असेल तर सोडून द्या. उरलेल्या पैशांत डोक्याची मागची बाजूही झाकणारं चांगलं हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, शॉकअपमध्ये हवा भरायचा शॉक पंप, आणि दोन सर्व्हिसचा खर्च येतो. त्यातून काही वाचले तर पचमढीची एक सहल करा. कधी मनालीला गेलात तर तिथे भाड्याने फुल सस्पेन्शन घेऊन एक दिवस डोंगरात फिरा. तुम्हाला ती हवी की नको, हे त्या दिवसात कळेल.

घाईचं काही नाही. नवतप्यात सायकल घेतली तर ती घरातच राहील, पावसाळ्यात घेतली तर चिखलात. दसऱ्याच्या सुमारास घ्या, पुढे चार महिने चालवायला मिळतील. रोड बाइकच्या साइझवरून ही निवडू नका. सपाट बूट घालून फ्रेमवर दोन्ही पाय टाकून उभ्या राहा, वरची नळी आणि तुमच्यात चार बोटं जागा राहिली पाहिजे. तुमच्या उंचीला बहुतेक एक्स-स्मॉल किंवा स्मॉल बसेल, आणि त्यात २९ ऐवजी २७.५ इंची चाक आलं तर बिनधास्त घ्या. हँडल फार रुंद असेल तर दुकानातच दोन्ही बाजूंनी सारखं कापून मिळतं, पण आधी महिनाभर चालवून बघा आणि मगच कापा.